छातीएवढं जोतं

पार्वतम्माच्या भिंतीवर शैलश्री मॅडमनी लाल रंगाची आडवी रेघ मारली, तेव्हा ती शेजारी उभ्या असलेल्या वीरभद्रप्पाच्या बरोबर छातीशी आली. खुर्चीत बसलेल्या हावगेप्पांच्या मात्र ती डोक्यावरून गेली.

मल्लेश्वरीनं ते बघितलं. हावगेप्पा, तिचे सासरे, रेघेकडं बघतच नव्हते. वॉकरच्या दांड्यावर दोन्ही पंजे टेकवून ते गल्लीतनं जाणाऱ्या माणसांना हात करत होते. पुरात कंबरेचं हाड मोडल्यापासून ते आज पहिल्यांदाच शेतातल्या पत्र्याच्या शेडमधून गावात आले होते. नव्या घराच्या पायाची पूजा झाली होती, स्वामी विभूती लावून, प्रसाद घेऊन गेले होते, आणि पडलेल्या घराच्या मोकळ्या जागेवर आता नुसता ओल्या नारळाचा वास उरला होता.

"हितनं खाली फरशी चालणार न्हाई," शैलश्री म्हणाल्या. त्या तालुक्याच्या कचेरीतल्या इंजिनिअर. बीदरच्याच, त्यामुळं बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. "ही खालची मातकट खूण दिसायलीय का? गेल्या भाद्रपदातलं पाणी हितपर्यंत व्हतं. तिच्यावर दीड फूट, तितं घरातली फरशी. नदीकाठच्या सगळ्या नव्या घरांना हाच नियम लागलाय. जोतं रेघेला भिडलं की मी येऊन बघणार. मग भिंती."

"भिडवताव की," वीरभद्रप्पा म्हणाला. गल्लीच्या तोंडाशी टाकलेल्या मुरमाच्या ढिगाऱ्यांकडं त्यानं बोट केलं. "माल येऊन पडलाय. जेसीबी बी आलाय. भोवतीनं दगडाची भिंत, आत भराव. पाऊसकाळाच्या आत जोतं उभं."

शैलश्री जागेच्या कडेनं चालत गेल्या, जोडभिंतीपाशी थांबल्या, पलीकडं वाकून बघितलं.

"हे घर कुणाचं?"

"आमचंच. चिक्कम्माचं. धाकट्या चुलत्याची बायको."

"ती जागा तुमच्यापेक्षा खाली हाय."

"हाय थोडी."

"मग तुम्ही हितं छातीएवढा भराव घातला, तर गल्लीतनं येणारं पाणी कुटं जाणार?"

बेलकुंडी गावात मांजरा नदीकडची ही शेवटची आळी. पाणी कुठं जाणार हे तिथल्या कोंबड्यांनासुद्धा कळत होतं.

"म्हणून जोडभिंत असली की भरावाला शेजाऱ्याची संमती लागती," शैलश्री म्हणाल्या. "न्हाईतर घर खांबावर उचलायचं. खाली मोकळं ठेवायचं. पाणी आलं तसं खालनं निघून जातंय, कुणाच्या दारात वळत न्हाई."

"खांबावर? मॅडम, शेतकऱ्याचं घर हाय. कबुतराचं खुराडं न्हवं." वीरभद्रप्पा हसला. "संमतीचं काय एवढं. घरचीच बाई हाय. देती."

"मी देत न्हाई," पार्वतम्मा म्हणाली.

ती कधीपासून आपल्या दारात उभी होती कोण जाणे. पदर डोक्यावर होता, हातात सूप होतं, सुपात तूर. पूजेला ती आली नव्हती. तिला बोलावणं गेलं होतं, पण ते एका पोराच्या हाती. त्याला काय अर्थ असतो हे दोन्ही घरांना ठाऊक होतं.

"चिक्कम्मा, ऐकून तर घे."

"ऐकलं की. तुझं घर वर जाणार आन् माझं तळं होणार. माझं घर पडलं न्हाई, म्हणून मला नवं घर न्हाई, मला नियम न्हाई. बरं. पण तुझं पाणी मी कामून घेऊ, वीरू?" तिनं तूर एकदा पाखडली. "सही देत न्हाई. माझ्या छातीवर घर बांध म्हणावं."

ती आत गेली. दार मात्र तिनं लावलं नाही.

वीरभद्रप्पाचा चेहरा लाल झाला. त्यानं बायकोकडं बघितलं, तू तरी काही बोल, अशा नजरेनं. मल्लेश्वरीनं नजर खाली घातली. तिला पार्वतम्माचं बोलणं पटलं होतं, आणि नवऱ्यासमोर, परक्या बाईसमोर, ते चेहऱ्यावर दिसू नये एवढंच ती बघत होती.

*

जेवणं ताडपत्रीखाली झाली. भाकरी, झुणका, आणि पूजेचा दिवस म्हणून हुग्गी, गव्हाची खीर. वीरभद्रप्पाच्या धाकट्या भावानं, सुनीलकुमारनं, दोनदा हुग्गी वाढून घेतली आणि दोन्ही वेळा ती ताटात तशीच ठेवली.

तो सकाळी हुमनाबादहून अव्वाला, म्हणजे आई नागम्माला, घेऊन आला होता. हायवेवर त्याचं लॉरीच्या सुट्ट्या भागांचं दुकान होतं. पूर आला त्या दिवशी अव्वा त्याच्याकडंच होती. वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याचं दुकानात आलेल्या एका ड्रायव्हरनं सांगितलं, आणि तेव्हापासून तो गावाकडं फोन लावत बसला होता. अण्णाचा लागेना, वैनीचा लागेना. अव्वा टायरांच्या चळतीवर बसून ओठ हलवत होती, आणि ती देवाचं नाव घेत नसून घरातल्या एकेकाचं नाव घेतेय हे त्याला बऱ्याच वेळानं कळलं होतं. त्या दिवसापासून नदीचं नाव निघालं की त्याच्या तोंडाला कोरड पडायची. पण हे तो कुणाला सांगायचा नाही. दुकानदार माणूस, हसून वेळ मारून न्यायची सवय.

"अण्णा, चिक्कम्माला मी समजावतो," तो म्हणाला. "तिच्या बाजूनं एक नाली काढून देऊ. पक्की, सिमेंटची."

"नदीचं पाणी नालीत बसतंय का भावजी?" मल्लेश्वरी भाकरी वाढता वाढता म्हणाली.

वीरभद्रप्पानं वर बघितलं. "तू कुणाकडनं बोलायलीस?"

"मी पाण्याकडनं बोलायलीय."

अंकुशराव गवंडी खाली बघून हसला. शैलश्री पलीकडं खुर्चीवर ताट घेऊन बसल्या होत्या, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नागम्मा हावगेप्पांच्या ताटात भाकरी कुस्करत होती. तिनं हात थांबवला नाही.

"खांबावरच कामून नको, अण्णा?" सुनीलकुमारनं विचारलं.

वीरभद्रप्पा सुनीलपेक्षा दहा वर्षांनी मोठा, अंगानं थोराड, शब्दाला जड. पूर आला त्या दिवशी तो तूर घेऊन बीदरच्या अडतीला गेला होता. परत येताना पुलावर पाणी होतं. पलीकडच्या काठावर तो पोलिसांच्या दोराला धरून उभा होता आणि समोर आपलं घर आहे की नाही हे त्याला दिसत नव्हतं.

"खालनं पाणी वाहायला लागलं," तो म्हणाला, "आन् वर माझी लेकरं झोपल्यात. मला झोप यायची न्हाई सुनील. माझ्या पायाखाली भरीव पाहिजे. माती पाहिजे. एवढंच."

भीती फक्त आपल्यालाच आहे असं सुनीलकुमार समजत होता.

अंकुशराव हात धुऊन आला. "भराव करा, खांब करा, तुमचं तुम्ही ठरवा. पण मालक, रेघ छातीला हाय. गल्लीतनं चढायला आठ-नऊ पायऱ्या तरी व्हतात. अप्पा कसं चढतील?"

सगळे एकदम हावगेप्पांकडं वळले. तोंडातला घास त्यांनी सावकाश गिळला. आयुष्यभर या घराच्या कट्ट्यावर बसून त्यांनी गल्लीशी बोलणं केलं होतं. कुणाची बैल विकायची गोष्ट, कुणाच्या पोरीचं स्थळ, कुणाच्या बांधाचं भांडण, सगळं त्या कट्ट्यावर यायचं. कट्टा पुरात गेला होता.

"पायऱ्यांच्या जागी उतार केला तर, मॅडम?" मल्लेश्वरीनं विचारलं. "दवाखान्यात असतोय तसा."

"करता येतंय. पण लांब लागतो. फूटभर चढायचं तर बारा फूट लांबी. न्हाईतर वॉकर मागं घसरतंय." शैलश्री उठल्या, समोर बघितलं, उजवीकडं बघितलं. "पुढं तर गल्ली हाय तुमच्या. मागं दुसऱ्याची भिंत. एवढी लांबी तुमच्याकडं कुटं हाय?"

लांबी होती. ती त्यांच्याकडं नव्हती, एवढंच. जोडभिंतीच्या पलीकडं पार्वतम्माचं लांबट परडं गल्लीपासून थेट मागच्या बाभळीपर्यंत गेलं होतं. त्यात शेवग्याचं एक झाड, दोन शेळ्या आणि बाकी मोकळी जमीन.

ते सगळ्यांना एकाच वेळी दिसलं.

"न्हाई," वीरभद्रप्पा म्हणाला. "सकाळी तिनं माझ्या तोंडावर न्हाई म्हणलंय. आता तिच्याच दारात हात पसरू?"

"मग अप्पांना मी घेऊन जातो," सुनीलकुमार पटकन म्हणाला. बरेच दिवस तो हे म्हणायची संधी शोधत होता. "अप्पा, अव्वा, दोघं बी. हुमनाबादला डॉक्टर हाय, सगळं हाय. नदी न्हाई."

"तुमचं घर दुकानावर दुसऱ्या मजल्यावर हाय की भावजी," मल्लेश्वरी म्हणाली. टोचून नाही, साधंच.

हे सुनीलकुमारच्या ध्यानात नव्हतं असं नाही. खाली गोडाऊनच्या बाजूला एक खोली काढू असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण त्या खोलीत दिवसभर लॉऱ्यांचा धूर आणि ग्रीसचा वास, समोर एकही ओळखीचा माणूस नाही, हे तो आत्ता पहिल्यांदा अप्पांच्या डोळ्यांनी बघत होता.

"तू आज लई बोलायलीस," वीरभद्रप्पा बायकोला म्हणाला.

मल्लेश्वरीनं टोपलं खाली ठेवलं. "व्हय, बोलायलीय. त्या दिशी तुम्ही पुलापलीकडं. अत्ती भावजींकडं हुमनाबादला. मागची भिंत बसली तवा घरात मी, दोन लेकरं आन् मामंजी. ह्या वयात त्यांना पाण्यातनं उचलायचं कसं? मी वरडले. कोण आलं? चिक्कम्मा आली. कमरंएवढ्या पाण्यातनं. तिचा स्लॅब हाय म्हणून लेकरं तिनं आदी वर चढवली, मग बाजंला दोर बांधून आम्ही दोघींनी मामंजींना वर वढलं. बाज भिंतीवर आपटली, त्यांचं हाड मोडलं. ते वरडले, तर तीच रडायली. आन् त्या येळंला तिच्या घरातले डबे, पोती, सगळं वाहून जायलं होतं. तिनं मागं वळून बघितलं न्हाई." तिनं जोडभिंतीकडं हात केला. "आन् आता तिच्याच घरात आपण पाणी सोडायचं? मला न्हाई जमत. तुम्हाला जमतंय का सांगा."

वीरभद्रप्पा ताटाकडं बघत राहिला. हे सगळं त्याला माहीत होतं. पण ते असं, एका दमात, ताडपत्रीखाली, आईसमोर कुणी कधी बोललं नव्हतं.

तेव्हा हावगेप्पा बोलले.

"भांडू नका रे. असं करा. तुम्ही वर ऱ्हावा. मला हितं खाली, जनावरं बांधाल तितं, त्यांच्या शेजारी एक बाज टाकून द्या. मला गल्ली दिसली म्हंजे झालं. पाणी आलं तर वर न्या." ते जरा थांबले. "न्हाई जमलं न्यायला, तर न्हाई. माझं काय उरलंय आता."

नागम्मानं हातातला घास ताटात ठेवला.

*

नागम्मा उठली, हात धुतले, पदर नीट केला. कुठं निघालीस असं सुनीलनं विचारलं. तिनं ऐकलं नाही. जोडभिंतीला वळसा घालून ती धाकट्या जावेच्या दाराशी गेली.

या दारात ती शेवटची उभी राहिली होती ती भांडायला. वाटण्या झाल्या तेव्हा वरची बाजू थोरल्याला, खालची धाकट्याला अशी झाली. काही वर्षांनी नालीचं पाणी घरात येतंय म्हणून बसलिंगप्पानं, म्हणजे पार्वतम्माच्या नवऱ्यानं, आपला उंबरा एका विटेनं वर घेतला. धाकट्याचा उंबरा थोरल्याच्या वर? नागम्मानं गल्ली गोळा केली होती. थोरलेपण काय असतं ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी बसलिंगप्पानं मुकाट्यानं वीट काढली. पुढं तो तापानं गेला. नागम्मा मातीला गेली, रडली, पण दोघी जावा त्यानंतर एकमेकींशी बोलल्या नाहीत. लग्नकार्यात समोरासमोर आल्या तर तिसऱ्या बाईशी बोलत बोलत निघून जायच्या.

पार्वतम्मा शेळीला पाला टाकत होती.

"पारू," नागम्मा म्हणाली.

या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. पार्वतम्मानं मागं वळून बघितलं. मग हातातला पाला टाकून संपवला, हात झटकले, आणि आतून पाट आणून ठेवला. बस मात्र म्हणाली नाही.

नागम्मा बसली. गुडघे कुरकुरले.

"तू ऐकलं असशील सगळं."

"ताडपत्रीला भिंत असती का अक्का."

"त्यांना जनावराशेजारी झोपायचंय म्हणं." नागम्मानं पदर तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. "मी त्या दिशी हितं न्हवते. असते तरी काय केलं असतं. माझ्यानं त्यांचा हात बी उचलत न्हाई. तू उचललंस."

"मल्लूनं उचललं. मी दोर धरला."

"तेच."

शेळीनं मान झटकली. गल्लीत जेसीबीचा ड्रायव्हर गाणी लावून बसला होता.

"तुला परडं मागायला आलीय," नागम्मा म्हणाली. "दुसरं कुणी आलं तर तुझा मान ऱ्हायचा न्हाई, म्हणून मी आलीय. त्यातनं उतार जाईल. शेवगा वाचवू. शेळ्यांना दुसरीकडं जागा करून देऊ."

पार्वतम्मा शेवग्याकडं बघत राहिली. तिचं मन कशात अडकलंय हे नागम्माला कळत होतं. विटेचं नाव ती काढेल, असं वाटून नागम्मानं अंग आवळून घेतलं. पण पार्वतम्मानं विटेचं नाव काढलं नाही.

"आन् भराव?"

"भराव न्हाई. खांब."

"वीरू म्हणला?"

"मी म्हणायलीय. त्याला मी जन्म दिलाय."

पार्वतम्माच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग ती गंभीर झाली. "एक सांगू अक्का? मागल्या टायमाला स्लॅबवर आम्ही सगळे रातभर पावसात बसलाव. वर छप्पर न्हाई, खाली पाणी. मला सारखं वाटायचं, मी एकटी असते तर? लेक भालकीला. हितं हाक मारली तर कुणाला ऐकू जाणार? ह्या खेपंला तुम्ही वर जाणार, छान, कोरडं. मी खालीच. पाणी आलं तर मी कुटं जाऊ?"

"उतार तुझ्याच परड्यातनं जायलाय की."

"उतार जातोय. पण वर दार कुणाचं?"

या प्रश्नावर नागम्माला गोड बोलून चालणार नव्हतं. कारण पुढं सुना येतील, नातसुना येतील, आणि आज तोंडानं दिलेलं त्या दिवशी कुणाला आठवेल?

"वर पडवी काढायला सांगते," ती म्हणाली. "घराच्या बाहेरनं, तुझ्या अंगाला. तिला छप्पर असंल. तिला कडी न्हाई, कुलूप न्हाई, दारच न्हाई. उतार थेट तिच्यात. तितं तुझी एक पेटी पहिल्या दिवसापासूनच ऱ्हाऊ दे. धान्य ठेव, कापडं ठेव. पडवी दोघींची. मी मेले तरी दोघींची. हे मी सगळ्यांच्या समोर बोलते, चल."

"आत्ता?"

"मग काय पूर आल्यावर?"

पार्वतम्मा आत गेली. नागम्माला वाटलं, आता ही येत नाही. ती परत आली ती पाण्याचा तांब्या घेऊन, आणि वाटीत गुळाचा खडा.

"उन्हातनं आलीस," ती म्हणाली. "पाणी पी आदी."

*

वीरभद्रप्पाला ते लगेच पटलं असं नाही. आईनं सगळ्यांसमोर खांबांचं, पडवीचं सांगितलं, ते ऐकून घेतल्यावर तो सरळ मुरमाच्या ढिगाऱ्यापाशी जाऊन उभा राहिला आणि बुटानं मुरूम उकरत राहिला. सुनीलकुमार त्याच्या मागोमाग गेला.

"अण्णा, खांब जाड घेऊ. मी सळई बघून आणतो. तुझ्या मनासारखी."

"सळईचा प्रश्न न्हाई रे."

"ठाव हाय मला. मला बी झोप येत न्हाई." सुनीलकुमार हे हसत म्हणायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. "तितं दुसऱ्या मजल्यावर, हायवेला. तितं बी येत न्हाई. फोन वाजला की दचकून उठतो."

वीरभद्रप्पानं धाकट्या भावाकडं नीट बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच. मग त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जड, मातीनं भरलेला.

"पाऊसकाळात येत जा हिकडं," तो म्हणाला. "पोरांना घेऊन ये. वर सगळे एका जागी असलाव तर येईल झोप."

मग तो वळून ओरडला, "अंकुशराव! खांबाचे खड्डे कुटं घ्यायचे ते मॅडमना इचारून चुन्याची फकी मारा."

"आन् एवढ्या मुरमाचं काय करू मालक?"

उत्तर मल्लेश्वरीनं दिलं. "उतार करून बघू की. कच्चा. जेसीबी हायच. मामंजींना चढता येतंय का ते आजच कळंल. न्हाईतर पक्कं बांधल्यावर म्हणायचं, जमत न्हाई."

शैलश्रींना ते फार आवडलं. पक्का उतार बांधताना त्याच्याखाली पाण्याला वाट ठेवायची, हे त्यांनी अंकुशरावला दोनदा बजावलं, आणि मग स्वतःच टेप धरून परड्यात उभ्या राहिल्या. शेळ्या बाभळीला नेऊन बांधल्या. शेवग्याच्या अलीकडून जेसीबीनं मुरूम पसरायला सुरुवात केली. गल्लीतली माणसं हळूहळू कुंपणाशी जमली. कुणी घमेलं उचललं, कुणी नुसती अक्कल सांगितली. दोघा-तिघांनी मुरमावर पाणी मारून तो चोपणीनं चोपला. ऊन कलायच्या आधी परड्यात एक लांबलचक तांबडी वाट तयार झाली. गल्लीशी ती जमिनीला लागून होती आणि दुसऱ्या टोकाला, जोडभिंतीपाशी, लाल रेघेच्या उंचीला येऊन टेकली होती.

"अप्पा," वीरभद्रप्पा वाकून म्हणाला, "बघता का चढून? नको वाटलं तर नको."

कुंपणाशी उभ्या असलेल्या लोकांकडं हावगेप्पांनी बघितलं. सगळ्यांसमोर पडलो तर, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होता. मग त्यांनी वॉकर पुढं सरकवला.

पहिली काही पावलं सोपी गेली. मग वॉकरचा एक पाय मुरमात रुतला आणि ते डाव्या अंगाला कलले. सुनीलकुमार धावला. "धरू नको," हावगेप्पा म्हणाले. "मागं थांब फक्त." वीरभद्रप्पा त्यांच्या बाजूनं, हात अर्धवट पुढं करून, पण न लावता चालत राहिला. मल्लेश्वरी वॉकरच्या पुढचे खडे हातानं बाजूला करत उलटी चालली होती. शेवग्यापाशी हावगेप्पा थांबले. त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

"दमलाव," ते म्हणाले.

"दमा की," खालून पार्वतम्मा म्हणाली. थोरल्या दिराशी ती सरळ कधी बोलत नसे, आताही तिनं पदर पुढं ओढून घेतला होता. "कुणाला घाई हाय? परडं कुटं पळून चाललंय?"

हावगेप्पा हसले. कुंपणाशी उभे असलेले सगळे हसले. मग ते परत निघाले.

वर पोचायला त्यांना बराच वेळ लागला. वर होतं काहीच नाही. घर नव्हतं, पडवी नव्हती, नुसतं चोपलेलं मुरमाचं सपाट टोक. वीरभद्रप्पानं खुर्ची वर आणून ठेवली. हावगेप्पा तिच्यात बसले आणि कपाळावरचा घाम पुसायला त्यांनी टॉवेल शोधला. नागम्मा तोवर त्यांच्यामागून, गुडघ्यांवर हात ठेवत, आपल्या आपण चढून आली होती. तिनं पदरानं त्यांचा घाम पुसला. लोकांदेखत. तिला त्याचं काही वाटलं नाही.

खाली गल्लीतून कुणीतरी हाक मारली, "हावगेप्पाअण्णा, लई वर गेलाव की!" त्यांनी हात वर केला. तिथून गल्ली दिसत होती, चांगली टोकापर्यंत. मग त्यांनी मान दुसरीकडं वळवली आणि तशीच ठेवली.

"काय झालं?" नागम्मानं विचारलं.

"हितनं मांजरा दिसायलीय."

नागम्मानं त्यांच्या नजरेच्या दिशेनं बघितलं. छपरांच्या, बाभळींच्या पलीकडं नदी पडून होती, उन्हाळ्यानं बारीक झालेली, वाळूत कुठंकुठं चमकणारी. इतकी वर्षं या घरात राहून तिनं ती घरातून कधी बघितली नव्हती.

"दिसू दे," ती म्हणाली. "येताना तरी कळंल."